पावसाची सुट्टी आणि बुडालेला अभ्यास

रेड अलर्ट आला की शाळा बंद राहते आणि दुसऱ्या दिवसापासून पालकांची तीच विचारणा सुरू होते: बुडालेला अभ्यास घरी कसा भरून काढायचा? गोव्यातले तालुके वेगवेगळे, गोंधळ एकच. म्हणून निवडक पत्रांना इथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न: सरकारने पावसामुळे जाहीर केलेली सुट्टी मुलाच्या गैरहजेरीत धरतात का? (डिचोली)

नाही.

प्रश्न: वाड्यावरचा साकव पाण्याखाली होता, बालरथही (शाळेची बस) आला नाही. पण शाळा भरली होती. आता काय करायचे? (सत्तरी)

मुलाला घरी ठेवलेत ते योग्यच केलेत. वाहत्या पाण्यातून मूल पाठवावे एवढा कुठलाच धडा मोठा नसतो. अशा वेळी त्याच दिवशी वर्गशिक्षिकेला फोन करा आणि शाळा भरल्यावर मुख्याध्यापकांच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी द्या. वाड्यावरच्या मुलांचे हे दर पावसाळ्यात होत असेल, तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय मांडा. हे काम जूनमध्येच करायचे असते. गणेश चवथीची सुट्टी लागेपर्यंत थांबलात तर पावसाळा सरत आलेला असतो आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

प्रश्न: बुडालेले दिवस आता रविवारी भरून काढणार असा मेसेज फिरतो आहे. खरे आहे का? (म्हापसा)

शाळेने लेखी कळवले असेल तरच खरे. फिरणाऱ्या मेसेजवर विश्वास ठेवू नका, पुढेही पाठवू नका. शाळेत फोन करा.

प्रश्न: शाळा बंद असली की मी पाचवीतल्या मुलीला सकाळी आठ ते एक अभ्यासाला बसवते. ती रडते. वेळ कमी करू का? (फोंडा)

हो, आजच करा. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास ठरवले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. पण हे तास अख्ख्या वर्गाचे आहेत. त्यात मुले एकमेकांचे ऐकतात, फळ्यावर जातात, वाट पाहतात. घरी एकट्या मुलाला तेवढा वेळ लागत नाही. केंद्र सरकारच्या 2020च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास आणि सहावी ते आठवीला दिवसाला फार तर एक तास सांगितला आहे. सुट्टीच्या दिवशी पाचवीच्या मुलीला तासभर पुरे, तोही मध्ये विश्रांती देऊन. नेमके काय करून घ्यायचे ते तिच्या टीचरना विचारा.

प्रश्न: वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वह्यांचे फोटो येतात. मुलगा सगळे उतरवून काढतो, वही पूर्ण असते, तरी चाचणीत गुण कमी पडतात. असे का? (काणकोण)

याच प्रश्नाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

वही पूर्ण होणे आणि अभ्यास पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा वह्या मी खूप पाहिल्या आहेत. अक्षर सुरेख, समास आखलेला, पानावर 1/2 + 1/3 = 5/6 बिनचूक उतरवलेले. त्याच मुलाला शेजारी बसवून 1/2 + 1/4 विचारावे, तर तो वर एक नि एक दोन, खाली दोन नि चार सहा असे करून 2/6 लिहितो. अर्ध्यात पाव मिळवल्यावर अर्ध्याहून कमी कसे झाले, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण छेद समान का करायचे हे ज्या तासाला समजावले, त्या तासाला तो वर्गात नव्हता. फोटोत उत्तर आले, तो तास आला नाही. आणि पूर्ण वही पाहून घरचे निर्धास्त होतात, शाळाही सही करते. नुकसान इथेच होते.

म्हणून उतरवणे शेवटी ठेवा. आधी पाठ्यपुस्तकातले सोडवलेले एक उदाहरण घ्या, उत्तरावर कागद ठेवा आणि मुलाला पुढची पायरी काय असेल ते बोलून दाखवायला सांगा. तुम्हाला गणित येत नसले तरी चालते. 'हे असे का केलेस?' एवढे विचारता आले की झाले. जिथे तो अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि शाळा उघडल्यावर ते पान घेऊनच त्याला सरांकडे पाठवा. दोन दिवसांनी तेच उदाहरण आकडे बदलून द्या, आठवड्याने पुन्हा द्या. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि उजळणी एका दिवशी उरकण्यापेक्षा अंतराने केली तर कमी कष्टात टिकते, हे एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885मध्येच मांडले होते. आपण मात्र अजूनही परीक्षेच्या आदल्या रात्री वही उघडतो.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. 2024च्या जुलैत 8 आणि 15 तारखेला गोव्यात बारावीपर्यंतच्या शाळा बंद होत्या. दोन्ही दिवस सोमवार. म्हणजे सोमवारी ज्या विषयाचे तास जास्त, तो विषय लागोपाठ दोनदा बुडाला आणि बाकीचे विषय पुढे गेले. 'दोन दिवस बुडाले' असे मोजू नका. वेळापत्रक काढा आणि कोणत्या विषयाचे किती तास गेले ते बघा. गणित आणि भाषा आधी भरून काढा, कारण त्यांतला पुढचा धडा मागच्यावर उभा असतो. आणि ही यादी घेऊन विषयशिक्षकांना भेटा. गुण कमी पडल्यावर भेटण्यात अर्थ नाही, आताच भेटा.

प्रश्न: 'पावसाळ्यात बुडालेला पोर्शन पंधरा दिवसांत पूर्ण' अशी जाहिरात पाहिली. ॲपवाल्यांचेही फोन येतात. पैसे भरावे का? (मडगाव)

नका भरू. तुमच्या मुलाच्या वर्गात काय शिकवून झाले आणि काय राहिले हे त्या माणसाला माहीत नसते. 'आजच भरले तर सवलत' हे घाई करण्यासाठीच म्हटलेले असते. 'दीक्षा' या सरकारी ॲपवर पाठ्यपुस्तकांना जोडलेले धडे फुकट आहेत, दूरदर्शनच्या फ्री डिशवरच्या 'पीएम ई-विद्या' या शैक्षणिक वाहिन्याही फुकट आहेत. ट्युशन लावायचीच वेळ आली, तर आधी वर्गशिक्षिकेला विचारा.

प्रश्न: माझी बहीण अमेरिकेत असते. तिथे बर्फ पडला की मुले घरूनच ऑनलाईन शाळा करतात. आपल्याकडे का नाही? (पणजी)

तिथेही ते सुरळीत चालतेच असे नाही. 13 फेब्रुवारी 2024 रोजी हिमवादळामुळे न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी वर्ग ऑनलाईन ठेवले, तेव्हा सकाळी असंख्य मुलांना लॉगिनच करता आले नाही. आपल्याकडे मुसळधार पावसात आधी वीज जाते, मग नेटवर्क. घरात एकच मोबाईल असतो आणि तोही आई-बाबांबरोबर कामावर गेलेला असतो. अशा दिवशी ऑनलाईन वर्ग घेतला तर ज्याच्याकडे सोय आहे तोच पुढे जाईल. त्यापेक्षा शाळेने जूनमध्येच प्रत्येक मुलाच्या दप्तरात चार-पाच कामपत्रिका ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या शाळेत तसे नसेल तर पालकसभेत मागणी करा.

प्रश्न: दुसरीतली नात सुट्टीनंतर वाचताना अक्षरे उलटसुलट करते. पावसाच्या सुट्ट्यांमुळे विसरली असेल का? (पेडणे)

दोन-चार दिवसांच्या सुट्टीने थोडे अडखळणे होते. रोज दहा मिनिटे तिला मोठ्याने वाचायला लावा, तुम्ही शेजारी बसा, चूक झाली तर रागावू नका. शाळा सुरळीत सुरू होऊन महिना झाला तरी तेच चालू राहिले, तर दोष पावसाला देत बसू नका. आधी डोळे तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि अध्ययन अक्षमतेची (वाचन-लेखनात कायम येणाऱ्या अडचणीची) तपासणी हवी का ते विचारा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. 'मोठी झाली की येईल' असे शेजारी सांगतील. त्यांचे ऐकून वर्ष घालवू नका. तपासणीला जाताना तिची या वर्षीची आणि मागच्या वर्षीची वही बरोबर न्या.