झिप केली, तरी आकार तोच!

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची कागदपत्रं एका फोल्डरमध्ये आहेत, १४० एमबी. झिप केल्यावर १३६ झाली, मेल काही जाईना. प्रॉपर्टीजमध्ये कॉम्प्रेसची खूणही करून पाहिली. काय चुकतंय?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : चुकत काहीच नाही. झिप करताना फाइलमधला पुन्हा पुन्हा येणारा मजकूर थोडक्यात लिहिला जातो. जेपीजी फोटो आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ मुळातच दाबलेल्या असतात. पिळलेला कपडा पुन्हा पिळून किती पाणी निघणार? साध्या मजकुराच्या किंवा सीएसव्ही (स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या तक्त्याच्या) फाइल मात्र बऱ्याच आक्रसतात.

प्रॉपर्टीजमधल्या ॲडव्हान्स्डची ती खूण फक्त तुमच्या डिस्कवरची जागा वाचवते. मेलला जोडताना फाइल मूळ आकारातच जाते, म्हणून ती खूण काढून टाका.

जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. कागद १५० किंवा २०० डीपीआयवर (दर इंचाला इतके ठिपके, म्हणजे स्कॅनचा बारकावा), रंगाची गरज नसेल तर ग्रेस्केलमध्ये (राखाडी छटांत) पुन्हा स्कॅन करा. खरा फरक तिथेच पडतो. तरीही बसलं नाही, तर गूगल ड्राइव्हची लिंक पाठवा.

झिप करायची ती पन्नास फाइल एकगठ्ठा जाव्यात म्हणून. विंडोज १० मध्ये फोल्डरवर राइट क्लिक, सेंड टू, कॉम्प्रेस्ड फोल्डर. मॅकवर राइट क्लिक आणि कॉम्प्रेस, बस्स. विंडोजच्या या सोयीत पासवर्ड घालता येत नाही, तेव्हा सभासदांची आधार कार्डं त्यात नकोत.

आणि सभासदांना सांगा : आधी झिपवर राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, म्हणजे सगळ्या फाइल बाहेर काढा, मगच फाइलमध्ये बदल. झिपमधूनच उघडलेल्या फाइलमधले बदल मूळ झिपमध्ये जात नाहीत.