मालिकेच्या टेलिफिल्मला 'उपाख्यान' म्हणावं का?

माझा भाचा चाळीसगावला असतो. तो आणि त्याचे मित्र 'बॅबिलॉन ५' ही अमेरिकन विज्ञानकथा-मालिका मन लावून बघतात, आणि तिच्या टेलिफिल्म याहून चांगल्या कशा झाल्या असत्या ते वहीत लिहून काढतात. परवा त्यानं विचारलं, "मामा, मालिकेसाठी म्हणून टीव्हीवरच दाखवलेल्या सिनेमाला मराठीत काय म्हणू? दूरचित्रपट चालेल?"

'दूरचित्रपट' घडणीनं चूक नाही, पण तो बोलण्यात उतरत नाही. 'टेलिफिल्म' आपल्याकडे दूरदर्शनच्या काळापासून रुळला आहे. सत्यजित राय यांची 'सद्गती' (१९८१) टेलिफिल्मच. पण ती एकटी उभी आहे, तिच्या मागेपुढे मालिका नाही. भाच्याला हवा आहे मालिकेशी नातं सांगणारा शब्द. 'पूर्वकथा', 'उत्तरकथा' फक्त काळ सांगतात.

मला इथे 'उपाख्यान' हाच शब्द योग्य वाटतो. मालिकेच्या सीझनला आपण 'पर्व' म्हणतोच, आणि पर्वाच्या पोटात उपाख्यान असतं हे महाभारतानं आपल्याला शिकवलंय. 'आख्यान' आला 'आ + ख्या'वरून, म्हणजे सांगणे. नारदीय कीर्तनाला जाणारी माणसं अजूनही विचारतात, "आज आख्यान कुठलं लावलंय?" त्याला 'उप' लागला की मोठ्या कथेच्या आत सांगितलेली, तरी स्वतःपुरती पुरी झालेली कथा. वनपर्वातलं नलोपाख्यान बघा. द्यूतात सगळं हरलेला युधिष्ठिर विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा कुणी झाला का? तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला नळाची कथा सांगतात, आणि शेवटी फाशांची विद्याही देतात. ऐकणारा ज्या अवस्थेत बसला होता तसा उठत नाही. माझ्या लेखी उपाख्यानाची खरी खूण हीच.

ही खूण लावली की भाच्याच्या मालिकेतल्या कुठल्या टेलिफिल्मला उपाख्यान म्हणायचं, हेही ठरतं. १९९८ च्या 'इन द बिगिनिंग' या टेलिफिल्ममध्ये म्हातारा सम्राट लोंडो मुलांना पृथ्वी आणि मिनबारी हे परग्रहवासी यांच्या युद्धाची गोष्ट सांगतो. बाहेर त्याची राजधानी जळते आहे, आणि त्या युद्धात त्याचाही वाटा होता. सांगणारा आहे, ऐकणारे आहेत, सांगण्याला कारण आहे. हे शंभर टक्के उपाख्यान. त्याच वर्षीची 'थर्डस्पेस' बघा. कथा चौथ्या पर्वाच्या काळातली, एक प्रचंड प्राचीन वस्तू सापडते, सगळ्यांच्या जिवावर बेततं, आणि पुढे मालिकेत त्याची आठवणही कुणी काढत नाही. ही मालिकेच्या नावाची टेलिफिल्म. उपाख्यान म्हणताना जीभ अडते.

ऐकणाऱ्याकडे बघून गोष्ट सांगणं मी आजीकडे पाहिलं. आमच्या धुळ्याकडे अहिराणीत गोष्टीला 'गोट' म्हणतात. आजी कंदिलाची वात कमी करायची आणि "गोट सांगस, आयक" म्हणून सुरुवात करायची. 'आयक' म्हणताना ती एकाच नातवाकडे बघायची, ज्याचं त्या दिवशी काही बिनसलेलं असायचं त्याच्याकडे.

भाच्याच्या वहीतली एक कल्पना मला फार आवडली. मालिकेत बॅबिलॉन नावाची पहिली तीन अंतराळकेंद्रं घातपातात गेली, चौथं सुरू झाल्यावर चोवीस तासांत नाहीसं झालं. त्याच्या टेलिफिल्ममध्ये या चारही केंद्रांवर राबलेला एक वेल्डर पाचवं सुरू होण्याच्या आदल्या रात्री नव्या पोराला सगळं सांगतो. पोरगा सामान बांधून परत निघालेला असतो. आता या पोराचं पुढे काय होतं ते मालिकेच्या एखाद्या भागाला जोडून दाखव, एवढंच मी सुचवलं.

लिहिताना पहिल्यांदा 'उपाख्यान (टेलिफिल्म)' असं लिहावं, पुढे नुसतं 'उपाख्यान'. अनेकवचन 'उपाख्यानं', लेखी भाषेत 'उपाख्याने'. "दुसऱ्या पर्वानंतरचं उपाख्यान पाहिलंस का?" हे वाक्य मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, कानाला कुठे खटकलं नाही.