पहिल्या क्रूझआधीची धाकधूक

दिवाळी उलटली की मुंबई–गोवा–लक्षद्वीप क्रूझची बुकिंगं जोरात सुरू होतात. त्याबरोबर आमच्या टपालात ‘तिकीट काढलं खरं, पण आता पोटात गोळा येतोय’ अशा सुराची पत्रंही वाढतात. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. औषधांची नावं माहितीसाठी दिली आहेत. गोळी घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

प्रश्न : मला आंबेनळी घाटात गाडी लागते. एसटीत खिडकीची जागा नसेल तर हमखास उलटी. डिसेंबरात मुंबई–गोवा क्रूझ आहे. बोट लागेलच ना? (एक वाचक, सातारा)

लागेलच असं नाही. घाटातली गाडी झटकन वळते, ब्रेक मारते. मोठं जहाज संथ हलतं आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. मुंबईहून फिरणाऱ्या ‘एम्प्रेस’चंच उदाहरण घ्या. १९९० मध्ये बांधलेलं हे जहाज २०० मीटरहून लांब आहे. अशा जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख्यांसारखी पाती असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ती डावी-उजवीकडची डुलण बरीच कमी करतात. पुढून मागे होणारी वर-खाली मात्र त्यांना थांबवता येत नाही आणि जहाज अगदी हळू चालत असेल तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून वेग कमी झाल्यावर कधीकधी हलणं जास्त जाणवतं. त्यात काही बिघाड नसतो.

सगळ्यात मोठा फरक केबिनच्या जागेने पडतो. जहाज सी-सॉसारखं मधल्या भागाभोवती हलतं. टोकाला बसलेला उंच जातो, मधला जागच्या जागी राहतो. त्यामुळे केबिन मागताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा : जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची. वरच्या मजल्यावरची, नाकाकडची म्हणजे पुढच्या टोकाची, महागडी बाल्कनी केबिन तुमच्यासारख्यासाठी सर्वात वाईट. एजंट ‘फुकट अपग्रेड’ म्हणून तीच गळ्यात मारतो, तेव्हा नको म्हणायला लाजू नका.

आता गोळी. आपल्याकडे अव्होमिन घरोघर माहीत आहे. त्यात प्रोमेथाझिन असतं, २५ मिलिग्रॅम. मेक्लिझिन आणि सिनॅरिझिन हेही पर्याय आहेत. यात चूक होते ती बहुतेक वेळेची. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेतली तर पोटाचं काम आधीच मंदावलेलं असतं, गोळी पुढे सरकत नाही आणि उलटीतून बाहेर पडते. जहाज सुटण्याच्या दीड-दोन तास आधी, म्हणजे बंदरावर चेक-इनच्या रांगेत असतानाच ती पोटात गेलेली हवी. झोप येते म्हणून आठ-दहा दिवस आधी, सुट्टीच्या दिवशी घरी एक घेऊन पाहा. त्या दिवशी गाडी चालवू नका. गोळीवर दारू नको. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला अडखळत असेल, तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. ओंडान्सेट्रॉन म्हणजे जुलाब-उलटीत देतात ती गोळी अनेक जण सोबत नेतात. प्रवासाच्या मळमळीवर तिचा विशेष उपयोग होत नाही, कारण ही मळमळ पोटातून नाही, कानातल्या तोलाच्या यंत्रणेतून निघते. कान सांगतो ‘हलतंय’, डोळे केबिनच्या भिंतीकडे बघून सांगतात ‘स्थिर आहे’, आणि मेंदू गोंधळतो.

उपायही यातूनच सुचतो. मळमळ वाटायला लागली की केबिनमध्ये जाऊन पडू नका. मधल्या भागातल्या मोकळ्या डेकवर या आणि क्षितिजाच्या रेषेकडे बघत उभे राहा. मोबाईल खिशात. पोट रिकामं ठेवू नका. उपाशी पोटी जास्त लागते. खाकरा, चुरमुरे, कोरडं बिस्कीट चालेल, आलेपाकाची वडी चघळा. बुफेत पहिल्याच रात्री तळलेल्यावर तुटून पडणाऱ्यांचं रात्री बाराला काय होतं, ते हाउसकीपिंगवाल्यांना विचारा. उलटी झालीच तर ओआरएस घोट घोट घ्या, एकदम ग्लासभर नको. डेकवर जाण्याइतकंही त्राण नसेल तर पाठीवर सपाट पडून डोळे मिटा.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या, मूळच्या अलिबागकडच्या. ‘रामदास बोटीचं काय झालं ठाऊक आहे ना?’ एवढंच म्हणतात आणि विषय संपतो. त्यांना काय सांगावं? (एक वाचक, ठाणे)

त्यांची भीती उगाच नाही, आणि ‘काही होत नाही हो’ म्हणून ती जाणारही नाही. १७ जुलै १९४७ ला, भर पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबाग-रेवस पट्ट्यात अनेक घरांनी तो दिवस पाहिला आहे. अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, ते तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

आईंना फरक कशात आहे ते सांगा. क्रूझ जहाजं ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार चालतात. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर जेमतेम निम्म्या माणसांना पुरतील एवढ्याच लाइफबोटी होत्या. त्यानंतर १९१४ मध्ये या नियमांचा पहिला मसुदा झाला. आज आंतरराष्ट्रीय फेरीच्या प्रवासी जहाजावर लाइफबोटी आणि तराफे मिळून जहाजावरच्या एकूण माणसांच्या १२५ टक्के जागा लागते. लाइफजॅकेट प्रत्येकाला, वर जास्तीची, आणि मुलांची वेगळी.

दुसरा धडा इटलीतल्या जीलिओ बेटाजवळ मिळाला. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आदळली, ३२ जण गेले. जहाजावरच्या शेकडो प्रवाशांनी सुरक्षा कवायत केलेलीच नव्हती, कारण तोवर ती जहाजावर चढल्यापासून २४ तासांत केली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत झालीच पाहिजे.

या कवायतीत आईंना मुद्दाम पुढे उभं करा. केबिनच्या दारामागे आणि बहुतेक वेळा तुमच्या की-कार्डवरही आणीबाणीत जमण्याच्या ठिकाणाचं अक्षर असतं. सामान टाकलं की केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने एकदा चालत जा. लिफ्टने नको, आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. आईंना जिने जमत नसतील तर बुकिंगच्या वेळीच तसं लिहून द्या, म्हणजे त्यांच्यासाठी मदतनीस ठरवून ठेवतात. धोक्याचा इशारा म्हणजे सात आखूड भोंगे आणि मग एक लांब. तो ऐकू आला तर गरम कपडे, औषधं, लाइफजॅकेट, आणि थेट त्या जागी. बाकी सामान राहू द्या. स्पीकरवर मधूनच ‘अल्फा’ किंवा ‘ब्राव्हो’ असे शब्द ऐकू येतात. ते कर्मचाऱ्यांसाठी असतात. ‘अल्फा’ म्हणजे बहुतेक जहाजांवर कुणाची तरी तब्येत बिघडली आहे, एवढंच.

इतकं करूनही त्या नको म्हणाल्या तर ओढून नेऊ नका. घाबरलेल्या माणसाला चार रात्री समुद्रावर ठेवण्यापेक्षा त्यांना आवडेल अशी वेगळी सहल आखलेली बरी.

प्रश्न : स्वस्त म्हणून आतली, खिडकी नसलेली केबिन घेतली. आता लिफ्टमध्येही गुदमरायला होतं हे आठवलं. (एक वाचक, पिंपरी)

लिफ्टमध्ये गुदमरत असाल तर पैसे घालून समुद्र दिसणारी केबिन घ्या. यात काटकसर करू नका. बदल शक्य नसेल तर पुढचं वाचा.

आतल्या केबिनमध्ये दिवा घालवला की काहीही दिसत नाही. मध्यरात्री जाग आली तर दार कुठे आहे ते कळत नाही, आणि भीती तिथेच सुरू होते. बॅटरीवर चालणारा छोटा रात्रीचा दिवा न्या. प्लगचा नको, कारण सॉकेट कमी असतात. एक्स्टेन्शन बोर्ड, इस्त्री, किटली, मेणबत्ती यांना बहुतेक जहाजांवर बंदी असते, ती तपासणीतच काढून घेतात. काही जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर नाकाकडच्या कॅमेऱ्याचं दृश्य सतत चालू असतं. ते आवाज बंद करून चालू ठेवा, खिडकीची थोडी भरपाई होते. आणि हे डोक्यात पक्कं बसवा : दार आतून उघडायला किल्ली लागत नाही. हवा यंत्राने खेळती असते. दिवे गेले तरी आणीबाणीचा वेगळा वीजपुरवठा असतो आणि मार्गिकेत जमिनीलगत वाट दाखवणाऱ्या खुणा उजळतात.

पहिल्या रात्री आवाजही घाबरवतात. भिंतीच्या पट्ट्या करकरतात, कारण जहाज थोडं वाकतं आणि पॅनेल एकमेकांवर घासतात. तसं व्हायलाच हवं. शौचालयाचं बटण दाबलं की मोठा ‘घर्र-फट्’ होतो, कारण तिथे पाण्याने नव्हे, हवा ओढून सफाई होते. पहाटे पाचच्या सुमाराला पलंग थरथरू लागला तर जहाज धक्क्याला लागतं आहे आणि नाकाजवळचे बाजूला ढकलणारे पंखे सुरू झाले आहेत असं समजा. लोखंडी साखळी धडधडत गेली तर नांगर पडला.

प्रश्न : मला मधुमेह, इन्सुलिन सुरू आहे. यजमानांना रक्तदाब. भर समुद्रात काही झालं तर? (एक वाचक, नागपूर)

जहाजावर दवाखाना, डॉक्टर आणि परिचारिका असतात. तिथलं बिल तिकिटात धरलेलं नसतं, वेगळं होतं. म्हणून प्रवास विमा घ्या आणि त्यात समुद्रावरून हलवण्याचा खर्च धरला आहे का ते वाचा. आधीपासूनचे आजार अर्जात लपवलेत तर दावा फेटाळला जातो.

औषधं मोठ्या बॅगेत भरू नका, ही चूक सर्रास होते. मोठ्या बॅगा बंदरावर घेतात आणि केबिनच्या दारात कधीकधी रात्रीच्या जेवणापर्यंत येतात. दोघांची औषधं, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. मुक्कामापेक्षा तीन दिवसांची जास्त. इन्सुलिनसाठी केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका, ते पुरेसे थंड नसतात किंवा उलट इन्सुलिन गोठवतात. स्वागतकक्षात औषधांसाठी फ्रिज मागा. मळमळीमुळे जेवण गेलं नाही तर इन्सुलिनचं काय करायचं, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पोटाच्या साथींसाठी नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, जहाजांवर पसरणारा नोरोव्हायरस त्याला दाद देत नाही. बुफेआधी साबणाने हात धुवा.

प्रश्न : लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीत उतरावं लागतं म्हणे. माझे गुडघे दुखतात. (एक वाचक, कोल्हापूर)

खरं आहे. बाहेर खोल पाण्यात जहाज उभं राहतं आणि होड्यांनी बेटावर नेतात. होडी वर-खाली होत असते. ती लाटेवर उंचावते तेव्हा, खलाशी ‘आता’ म्हणेल त्याच क्षणी पाऊल टाकायचं. आधी नाही, आणि एकदा उचललं की मागे नाही. त्याचा पंजा पकडू नका, त्याला तुमचं मनगट धरू द्या. पंजा घामाने सुटतो. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पिशवी पाठीवर. चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल. गुडघा अगदीच साथ देत नसेल तर जहाजावरच थांबा. त्या दिवशी तरणतलाव रिकामा असतो. समुद्र खवळला तर कप्तान बेटावरचा थांबा रद्द करतो, आणि तो हक्क तिकिटाच्या अटींत त्याच्याकडे असतो.

प्रश्न : मोबाईलला रेंज नसते का? घरी आई एकटी आहे. (एक वाचक, पुणे)

किनारा सुटला की काही वेळात रेंज जाते. जहाजावर उपग्रहाचं वाय-फाय विकत मिळतं, संथ पण संदेशांपुरतं ठीक. फोन विमान मोडवर ठेवूनच वाय-फाय चालू करा. नाहीतर तो जहाजाचं सागरी रोमिंग पकडतो आणि बिल पाहून खरंच बोट लागते. आईंकडे आणि एका शेजाऱ्याकडे जहाजाचं नाव, केबिन क्रमांक आणि कंपनीचा चोवीस तासांचा फोन लिहून ठेवा.

प्रश्न : निघायला तीन आठवडे आहेत आणि आत्ताच झोप उडाली आहे. रद्द करू का? (एक वाचक, डोंबिवली)

आज ठरवू नका. आधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने) एक फेरी करा, साधारण तासाभराची. गोळी घेऊनच जा, म्हणजे तिचीही परीक्षा होईल. तिथे मळमळलं तरी मोठ्या जहाजावर तेवढंच होईल असं नाही, लहान बोट जास्त हलते. तिथे बरं वाटलं तर चांगलंच लक्षण. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असा सराव आत्तापासून करा. ऐन घाबरल्यावर नव्याने शिकता येत नाही. यूट्यूबवरचे वादळात हेलकावणाऱ्या जहाजांचे व्हिडिओ मात्र रात्री बघू नका. त्यातले बहुतेक उत्तर अटलांटिकातले असतात.

तरीही छाती धडधडून उठणं, जेवण न जाणं आठवडाभर चाललं, तर डॉक्टरांकडे जा. आणि तिकिटावरच्या रद्द करण्याच्या तारखा आजच शोधून कॅलेंडरवर खूण करा. निघण्याची तारीख जवळ येते तशी परताव्यातली कपात टप्प्याटप्प्याने वाढते. रो-रोची फेरी पुढच्या टप्प्याच्या आधीच्या रविवारी ठेवा, म्हणजे नाही म्हणायचं ठरलं तरी खिशाला कमी झळ बसेल.