धसकट पायात अन् गाठ जांघेत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टरसाहेब, रामराम. चार दिवसांखाली रानात ज्वारीचं धसकट तळपायात घुसलं. घरीच उपसून काढलं, हळद दाबली. पाय ठणकायलाय ते ठीक, पण आता जांघेत सुपारीएवढी गाठ आलीय अन् काल रात्री थंडी वाजून ताप आला. आमची म्हातारी म्हणती अवधान आलंय, बिब्बा लाव. पायातलं विष वर चढायलंय का? आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं का? – एक शेतकरी, कळंब तालुका

उत्तर : काका, बिब्बा अजिबात लावू नका, त्यानं कातडी भाजती अन् एकाच्या दोन जखमा होतात. विष चढायलंय असंही नाही. धसकटासोबत मातीतले जंतू आत गेले. कातडीखाली काही पेशी कायमच बसून असतात, त्यांनी जंतू गिळायला सुरुवात केली आणि रसायनं सोडली, त्यानं आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडल्या, त्यातून पाणी झिरपलं, म्हणून तुमचा पाय लाल, गरम अन् सुजलेला. त्याच सैल वाहिन्यांतून काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून जखमेत घुसतात. हाडांच्या मगजात ह्या रोज 10 हजार कोटींच्या आसपास तयार होतात आणि जंतू खाऊन तिथंच मरतात, पू म्हणजे बहुतेक ह्यांचीच मढी.

काट्याचा हा खेळ एलि मेच्निकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञानं 1882 साली इटलीत मेसिनाला मुद्दाम करून बघितला होता. स्टारफिशची पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात, त्यांना गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! पुढं 1908 चं नोबेल त्याला पॉल एर्लिखसोबत मिळालं.

आता गाठीचं बघू. जखमेतल्या काही पेशी जंतूंचे तुकडे घेऊन लसिकावाहिन्यांतून, म्हणजे अंगात झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, जांघेपर्यंत जातात. ती गाठ नवी उगवलेली नाही, आधीपासून तिथंच होती, फक्त हाताला लागत नव्हती. अंगात अशा पाचशेच्या वर गाठी आहेत, पायाचा माल जांघेत जातो, हाताचा काखेत, घशाचा जबड्याखाली. गाठीत टी आणि बी नावाच्या, जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी खचाखच भरलेल्या, पण एका पेशीला एकच ठराविक तुकडा ओळखता येतो, त्यामुळं लाखांतली एखादीच ह्या जंतूला जुळते. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात आपल्या बैलाला जोड मिळवायला दिवसभर हिंडावं लागतं ना, तसंच हे. जुळणारी पेशी सापडली की मग तिच्याच हजारो होतात, ह्या सगळ्यात चार-सहा दिवस जातात, आणि म्हणून गाठ फुगती अन् दुखती. थंडीचं म्हणाल तर मेंदूनं अंगाचं तापमान 37 वरनं 39 ला न्यायचं ठरवलं की आहे तेवढी ऊब त्याला कमी वाटायला लागती, मग थरथर सुटती.

म्हणजे अंग आपलं काम करायलंय. पण म्हणून घरी बसू नका, ताप आलाय तर आजच दवाखाना गाठा. धसकटाची शिलक आत राहिली असली तर पेशी कितीही झटल्या तरी ती निघत नाही, डॉक्टरला काढावी लागते. पायावरनं लाल रेघ वर चढताना दिसली, गाठ मऊ पडली किंवा तुम्हाला शुगर असली तर अजिबातच थांबू नका. आणि जखम वगैरे काही नसताना गाठ दोन-तीन आठवडे राहिली तर ती वेगळी गोष्ट, तपासूनच घ्यायची.

इंजेक्शन घ्याच. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्यांचं विष इतकं जहाल की जीव घ्यायला लागतं तेवढी मात्रा पेशींना ओळख पटवायलासुद्धा पुरत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही तो परत होऊ शकतो, त्यालाही लस द्यावीच लागती. लसीत तेच विष निकामी करून भरपूर दिलेलं असतं. सरकारी दवाखान्यात आता टीटीऐवजी टीडी मिळतं, त्यात घटसर्पाचीही लस असते. अशी मातीची खोल जखम असली आणि शेवटचा डोस होऊन 5 वर्षं उलटली असली तर परत घ्यायचा. आयुष्यात पूर्ण डोस कधीच झाले नसतील तर तसं सांगा, मग वेगळं तयार अँटिबॉडीचं, म्हणजे विषाला चिकटून ते निकामी करणाऱ्या प्रथिनांचं, इंजेक्शनही लागतं.

प्रश्न : मला मागच्या वर्षी डेंग्यू झाला होता. आता अँटिबॉडी तयार झाल्या म्हणजे परत होणार नाही ना? – एक ताई, लातूर

उत्तर : ताई, होऊ शकतो, आणि दुसऱ्यांदा झालेला जास्त जड जाऊ शकतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. जो झाला त्याच्यापासून तुम्ही बहुतेक जन्मभर सुटलात, पण दुसरा प्रकार आला तर जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात खऱ्या, निकामी मात्र करत नाहीत, उलट त्या चिकटल्यामुळंच विषाणूला पेशीत शिरायला सोपं जातं. गोवरात असं नाही, तो एकदा झाला की झाला. त्यामुळं ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या, अंग दुखतंय म्हणून ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन नको, आणि ताप उतरल्यावर पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच अ‍ॅडमिट व्हा. ताप उतरला म्हणजे बरं झालं असं समजून लोक नेमकं तेव्हाच गाफील राहतात. आपल्याकडं नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी येत नाही म्हणून घरोघर ड्रम भरलेले असतात, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला एवढेच दिवस लागतात. ड्रम घट्ट झाकायचा, रिकामा झाला की आतून घासायचा, अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

प्रश्न : आईला शुगर आहे, सारखी आजारी पडते. मेडिकलवाला इम्युनिटी वाढवायची पावडर घ्या म्हणायलाय. देऊ का? – एक वाचक, परभणी

उत्तर : नको. इम्युनिटी नुसती वाढवून चालत नाही भाऊ, ती नको तिथं वाढली की अ‍ॅलर्जी होते, आमवात होतो. तुमच्या आईची शुगर चढलेली राहत असेल तर वर सांगितलेल्या न्यूट्रोफिल पेशीच मंद पडतात, म्हणून आधी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करा आणि डॉक्टरला विचारून न्यूमोनियाची, फ्लूची लस द्या. जेवणात डाळ, अंडी चालत असतील तर अंडी. आणि डबा आणून बसलाच असाल तर मागच्या बाजूला साखर किती ग्रॅम लिहिलीय तेवढं वाचा.