गंजलेले नट, तुटलेले स्टड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या मोटरसायकलच्या ॲल्युमिनियम हेडवर सायलेन्सरचा बेंड पाइप दोन स्टडवर (हेडमध्ये रोवलेले आटेदार दांडे) नट लावून बसवला आहे. नट गंजून घट्ट बसलेत. तीन दिवस तेल सोडतो आहे, पण हलत नाहीत. पान्याला लांब पाइप लावून जोर द्यावा का?

उत्तर : अजिबात नको. इतक्या वर्षांच्या उष्णतेने आणि गंजाने ८ मिमीचा स्टड खंगलेला असतो. लांब दांड्याने जोर लावला की तो कधी तुटला ते हाताला कळतही नाही.

आधी तारेच्या ब्रशने स्टडचे नटाबाहेरचे आटे घासून चकचकीत करा. नट सुटला तरी त्याला याच आट्यांवरून बाहेर यायचे असते. गंज तसाच राहिला तर नट अर्ध्या वाटेत अडकतो आणि बरेचसे स्टड तिथेच तुटतात.

तेलासाठी ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समप्रमाणात घ्या. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून थेंब सोडा. रंगावर पडू देऊ नका, ॲसिटोन रंग उतरवतो. दिवसातून दोनदा सोडा आणि मधूनमधून नटाच्या माथ्यावर छोट्या हातोडीने हलके ठोके द्या.

मग उष्णता. पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर उतरवून ठेवा, सांडलेले मिश्रण पुसून पूर्ण वाळू द्या. ब्रेक क्लीनरने पुसू नका. त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असेल तर आंचेवर विषारी वायू तयार होतो. नट स्टडवर अडकला असेल तर फक्त नट तापवा, म्हणजे तो फुगून स्टडपासून सैल होईल. तापलेल्या नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढले जाते. तेल जिथे पोचत नाही तिथे ते पोचते.

सॉकेट सहा कोनांचेच घ्या. बारा कोनांचे सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. पहिला झटका घट्ट करण्याच्या दिशेने, अगदी केसभर. मग उलट. ‘कर्र’ असा आवाज आला की थांबा, तेल सोडा, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. दांडा स्प्रिंगसारखा लवचिक लागला आणि सोडल्यावर परत आला, तर नट फिरत नाही, स्टड पिळला जातो आहे. तिथेच हात आवरा आणि नट स्प्लिटरने (नट फोडण्याचे हत्यार) किंवा कापून काढा.

प्रश्न : स्टड हेडमधेच तुटला. ५ मिमी बाहेर आहे.

उत्तर : ५ मिमी पुष्कळ आहे. एक मोठा नट त्यावर बसवा आणि वेल्डरकडून नटाच्या आतून मिग वेल्ड (तारेने होणारे विजेचे वेल्डिंग) करून घ्या. वेल्डची उष्णता गंजाची पकड मोडते आणि फिरवायला नवा नटही मिळतो. लाली उतरेपर्यंत थांबा, मग हळूहळू पुढे-मागे करा. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून आधी हेडचा तो भाग हीट गनने १५० अंशांपर्यंत गरम केला तर काम सोपे होते. टॉर्च वापरताना जपा : ॲल्युमिनियम लाल न होताच वितळते.

ईझी-आउट (तुटलेल्या स्टडला भोक पाडून त्यात घालून उलटे फिरवायचे हत्यार) मात्र टाळा. ते कठीण पोलादाचे असते. आत तुटले तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही. ड्रिल करावेच लागले तर बरोबर मध्यभागी पंच मारा, ३ मिमीपासून सुरुवात करून वाढवत जा. एम८ × १.२५ (८ मिमी जाडी, आट्यांतले अंतर १.२५ मिमी) साठी शेवटचे ड्रिल ६.८ मिमी. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर आट्यांचे माप वेगळे असते, आधी पिच गेजने (आट्यांतले अंतर मोजायची पट्टी) तपासा.

प्रश्न : बीएमडब्ल्यू आर ७५/५ चा पंख्यांचा (भोवती उभ्या पात्या असलेला) मोठा एक्झॉस्ट नट हुक पान्याने हलत नाही.

उत्तर : तो कापा. नट ॲल्युमिनियमचा, हेडवरचे आटेही ॲल्युमिनियमचे. जबरदस्तीत दोन्ही एकमेकांना कुरतडतात. नवा नट मिळतो. हेडचे आटे गेले तर हेड उतरवून वेल्ड भरून पुन्हा आटे कापावे लागतात. दोन पंख्यांच्या मधून करवतीने लांबीच्या दिशेने खाच पाडा, आट्यांच्या जेमतेम १ मिमी आधी थांबा. मग रुंद छिन्नी खाचेत घालून पिळा. नट फाकतो आणि हाताने निघतो.

प्रश्न : तुरटीच्या पाण्याने तुटलेला स्टड विरघळतो म्हणतात. खरे का?

उत्तर : खरे आहे. तुरटीचे गरम द्रावण स्टील हळूहळू खाते आणि ॲल्युमिनियम बहुतांशी सोडून देते. पण व्हॉल्व्हच्या सीट आणि लोखंडी गाइडही (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या) त्याला तितकेच आवडतात. त्यामुळे पूर्ण हेड बुडवू नका. एम८ ला वेळही फार लागतो. लहान स्क्रूसाठीच हा उपाय योग्य.

प्रश्न : परत बसवताना काय लावावे?

उत्तर : स्टडला निकेलची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट आणि स्टीलऐवजी पितळी नट. पेस्टमुळे घर्षण कमी होते, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या टॉर्कपेक्षा सुमारे पाव कमी ठेवा. तांब्याचे गॅस्केट नवे घाला. आधी सगळे नट सैल लावून पाइप आपल्या जागी बसू द्या. हेडकडचे घट्ट करा, मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट सर्वांत शेवटी. उलट क्रमाने केले तर पाइप स्टडला कायम एका बाजूला ओढत राहतो.