वाचक विचारतात: संकेतस्थळावर आलेला माणूस अडतो कुठे?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ आहे. तरी वेळ, वर्गणी विचारायला लोक फोनच करतात. पहिल्या पानावर कार्यक्रमांची फिरणारी छायाचित्रं आणि अध्यक्षांचं मनोगत आहे. काय बदलावं?

टेलिफोनजवळ एक वही ठेवा आणि महिनाभर आलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहून काढा. 'आज उघडं आहे का?', 'वर्गणी किती?', 'अमुक पुस्तक आहे का?', 'नेमकं कुठे आहे?' असे चार-पाच प्रश्न पुन्हापुन्हा येतील. त्यांची उत्तरं फोनवर पान उघडताच, बोटाने सरकवावं न लागता दिसली पाहिजेत. वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो लावू नका, मजकूर टाइप करा. फोटोतली वेळ शोधयंत्राला सहसा मिळत नाही आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) ती नीट कळत नाही.

फिरणारी छायाचित्रं काढूनच टाका. वाचून होण्याआधी ती सरकतात, बोट लावायला जावं तर दुसरंच उघडतं. शिवाय पहिलं सोडून बाकीची फारशी कुणी पाहत नाही, पण डेटा मात्र सगळ्यांचा खर्च होतो. एखादंच चांगलं, स्थिर छायाचित्र ठेवा. मनोगत 'आमच्याविषयी'त जाऊ द्या.

मेन्यूतले शब्दही त्या वहीतूनच घ्या. 'सेवा', 'उपक्रम', 'दालन' यांतून काहीच कळत नाही. 'सभासद व्हा', 'पुस्तक शोधा', 'वेळ आणि पत्ता' यांतून कळतं. असे पाच-सहा पर्याय पुरतात. माउस वर नेला की उघडणारे उपमेन्यू फोनवर दगा देतात, कारण बोटाला 'वर नेणं' नसतं. फोन नंबरला बोट लावताच फोन लागावा, अशी लिंक करा. तीत +९१ च्या पुढे शहराचा कोड शून्य गाळून लिहायचा असतो. शून्य राहिलं तर फोन लागत नाही.

प्रश्न : आमची जुनी पानं डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. काही फोनवर मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात. नवीन फॉन्ट टाकला की सुटेल का?

नाही. त्या फाइलींमध्ये मुळात मराठी अक्षरं नाहीतच. रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले आहेत आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट नसला की खालचा खरा मजकूर उघडा पडतो. तो गूगललाही वाचता येत नाही. सगळा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणावा लागेल, आणि त्यानंतर मुद्रितशोधन करावंच लागेल. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप होतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. म्हणून चुका ठरावीक जागी होतात: पहिली वेलांटी, रफार आणि 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड' यांतला अर्धा र. आधी या तीन जागा तपासा.

फॉन्टची निवड त्यानंतर. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग ॲट्रिब्यूट, म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण, 'एमआर' (mr) ठेवा. तिथे बहुतेक वेळा तयार साच्यातलं इंग्रजीचं 'ईएन' तसंच राहिलेलं असतं. 'एमआर' केल्याने स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे उमटतात.

मजकुराचा आकार १७-१८ पिक्सेल, ओळींची उंची त्याच्या १.६ ते १.७ पट ठेवा. इंग्रजीसाठीची १.३ पट उंची ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सेटिंग शून्यावर ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. तिरका टाइप टाळा. फोनच्या अरुंद स्तंभात दोन्ही कडा समान करू नका. प्रत्यय लागून मराठी शब्द लांब होतात आणि मधे खिंडारं पडतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा, मोठ्या शीर्षकांना ३ : १ चालतो. पांढऱ्यावर फिकट करडा मजकूर या कसोटीत हमखास नापास होतो, आणि भर उन्हात फोन धरलेल्या माणसाला तो दिसतच नाही.

प्रश्न : कोकणात आमचा होमस्टे आहे. चौकशीचा फॉर्म लोक अर्धवट सोडतात. काहींनी कळवलं की नाव मराठीत लिहिलं तर 'चुकीची माहिती' असा संदेश येतो.

हा दोष मराठी संकेतस्थळांवर फार आढळतो, आणि त्याचा राग यायलाच हवा: मराठी पानावर मराठी माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नाही! फॉर्म बनवणाऱ्याने नावाच्या रकान्यात फक्त रोमन अक्षरं चालतील अशी तपासणी लावलेली असते. त्याला ती 'कुठल्याही लिपीचं अक्षर' अशी करायला सांगितलं तरी काम अर्धंच होतं. युनिकोडमध्ये क, ख, ग 'अक्षर' या वर्गात येतात, तर काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात. म्हणून 'कदम' पास होतात आणि 'शिंदे' अडतात. दोन्ही वर्ग चालले पाहिजेत. खरं तर नावाला एवढंच तपासा की रकाना रिकामा नाही. पहिलं, मधलं, आडनाव असे तीन रकानेही नकोत, एक पुरे.

तीच गोष्ट अंकांची. मराठी कीबोर्डवरून आलेला ९८ अनेक फॉर्मना अंक वाटतच नाही. ब्राउझरचा 'नंबर' प्रकारचा रकाना तर देवनागरी अंक सहसा घेत नाही. तो 'टेल' प्रकारचा करा, म्हणजे फोनवर अंकांचा कीबोर्डही उघडतो. तरीही देवनागरी अंक आले तर प्रत्येकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा केले की ० ते ९ मिळतात; प्रोग्रॅमरला हे दोन ओळींचं काम. मोकळ्या जागा, डॅश, सुरुवातीचं शून्य तुमच्या प्रोग्रॅमने काढावं, त्यासाठी पाहुण्याला अडवू नये. परदेशातून चौकशी येत असेल तर अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा नंबर जसाच्या तसा ठेवा, 'दहाच आकडे' ही अट तिथे लावू नका.

आता रकाने मोजा. पहिल्या चौकशीला नाव, मोबाइल, कधी येणार, कधी जाणार, किती माणसं एवढंच लागतं. पत्ता, पिनकोड, ईमेल, पासवर्ड हे सगळं खोली पक्की होताना किंवा मुक्कामाला आल्यावर घेता येतं. तारीख '०५/०६' अशी न दाखवता '५ जून' अशी दाखवा. परदेशी राहणारा मराठी माणूस '०५/०६'चा अर्थ ६ मे असाही घेऊ शकतो.

रकान्याचं नाव रकान्याच्या वर कायम दिसू द्या. आत फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करू लागताच गायब होतं. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोन आपणहून पान मोठं करतो आणि पाठवण्याचं बटण पडद्याबाहेर जातं. बटण ४८ पिक्सेल उंच असू द्या. चूक झालीच तर संदेश त्या रकान्याखाली यावा आणि आधी भरलेलं काहीही पुसलं जाऊ नये. 'चुकीची माहिती' याऐवजी 'मोबाइल नंबरात एक आकडा कमी आहे' असं लिहा. फॉर्म गेल्यावर नुसतं 'धन्यवाद' नको. 'आज संध्याकाळी ७ पर्यंत फोन करू' असं लिहा आणि तेवढ्या वेळात फोन करा.

प्रश्न : पान उघडायला फार वेळ लागतो. होस्टिंग (संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलं आहे ती सेवा) बदलावं का?

आधी छायाचित्रं पाहा. फोनने काढलेला फोटो तसाच चढवला तर चार-पाच एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेल करा, वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवा, सहसा दीडशे-दोनशे केबीत बसतो. 'स्क्वूश' हे मोफत साधन हे काम ब्राउझरमध्येच करतं. कोडमध्ये प्रत्येक चित्राची रुंदी-उंची लिहा, नाहीतर चित्र उतरताच मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. खालची चित्रं 'लेझी' ठेवा, म्हणजे वाचक तिथवर पोचू लागेल तेव्हाच ती उतरतील; सगळ्यात वरचं नको. मग गूगलच्या 'पेजस्पीड इनसाइट्स'मध्ये मोबाइलचा आकडा पाहा: सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसला पाहिजे. एवढं करूनही जमलं नाही, तर होस्टिंगचा विचार करा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर पानाची लिंक पाठवली की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक रांग दिसते. लोकांना ती फसवणुकीची वाटते.

लिंकमध्ये मराठी शब्द असल्यामुळे तसं होतं. लिंक कॉपी करताना एकेका देवनागरी चिन्हाच्या जागी नऊ चिन्हं येतात. नुसत्या 'वार्षिक-वर्गणी' या दोन शब्दांची ११८ होतात. पानाचं शीर्षक मराठीतच ठेवा, पण पत्त्यातला शब्द रोमन लिपीत, एखाद-दुसराच लिहा. जुनी लिंक ३०१ रीडायरेक्टने नव्या पत्त्याकडे वळवा, म्हणजे आधी पाठवलेल्या लिंकाही चालू राहतील.