टोमॅटोच्या मुळांना गाठी आल्यात, ट्रायकोडर्मा (मातीतली उपयोगी बुरशी) सोडलं तर निमॅटोड (सूत्रकृमी) जातील का?

उभ्या प्लॉटातून तरी नाही जाणार दादा. मीपण हेच करून बसलोय. शेडनेटमधली काकडी दुपारी माना टाकायला लागली, वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून ड्रिप वाढवलं, मग वाटलं मर रोग आहे म्हणून ट्रायकोडर्मा सोडलं, शेवटी एक वेल उपटून बघितला तर मुळं कसली, आल्याचे गड्डेच!

कसंय, सूत्रकृमीची मादी मुळाच्या आत बसलेली असते, तिथं आपलं काही पोचत नाही. पण अंडी ती गाठीवर चिकट पुंजक्यात घालते, एकेका पुंजक्यात शेकड्यानं, आणि उन्हाळ्यात महिन्याभरात पुढची पिढी तयार. तिला गाठायचं ते या अंड्यांत. त्यासाठी पॅसिलोमायसिस लागतं (पुडीवर आता पर्प्युरिओसिलियम असंही लिहितात, बुरशी तीच), ती अंड्यात शिरून त्याच्यावरच वाढते. ट्रायकोडर्मा जोडीला चांगलं, एकट्याच्या भरवशावर नको.

आणि नुसती पुडी पाण्यात कालवून सोडली तर पैसे मातीत. एक टन कुजलेल्या शेणखतात दोन्ही 2-2 किलो आणि थोडी निंबोळी पेंड मिसळायची, सावलीत गोणपाटाखाली ओल धरून 15 दिवस ठेवायचं, मधे एकदा खालीवर करायचं, मग लागवडीआधी बेडमध्ये. पुडीची तारीख बघा, पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर तापलेला माल घेऊ नका, त्यात जिवंत काय उरणार. आणि हे टाकल्यावर लगेच कार्बेन्डाझिमची आळवणी तर अजिबात नको, ते बुरशीनाशक आहे, आपली बुरशीपण मारतं; माझ्या शेजाऱ्यानं केली होती, वर म्हणतो जैविक फसवं असतं!

सूत्रकृमीवर झेंडू लावा असंही सांगतात, पण बांधाला एक ओळ लावून काही होत नाही, अख्ख्या प्लॉटात दोन-तीन महिने दाट घ्यायचा, तेव्हा फरक दिसतो.

आत्ताच्या प्लॉटाला माल लागला असेल तर खतपाणी सांभाळून निघेल तेवढा काढा. पण संपल्यावर रोटर मारू नका, गाठी सगळ्या रानात पसरतील. झाडं मुळांसकट उपटून जाळा, एप्रिल-मेत बेड भिजवून पारदर्शक प्लास्टिक चारसहा आठवडे अंथरा, आणि जैविक खत त्याच्यानंतरच टाका, आधी टाकलं तर तेपण भाजेल. त्या जागी लगेच भेंडी, वांगी, काकडी नको, सगळ्यांना हाच किडा लागतो. नवीन रोपं नर्सरीतून आणताना दोनचार रोपांची मुळं धुवून बघा, माझ्याकडं तर ते रोपांतूनच आले होते.